गुपित नेमकं कोणापासून?

अमेरिकी लष्कराची १९७१ सालची एक यादी आहे. पेटंटसाठी आलेल्या कोणकोणत्या अर्जांकडे गुप्ततेच्या दृष्टीनं बघायचं, हे ठरवणारी. तिथल्या माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली ती पुढे बाहेर आली. अशा यादीत शस्त्रं असणार हे धरूनच चालावं. पण या यादीत सौरवीजही आहे. उन्हापासून वीस टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेनं वीज करणारं उपकरण कुणी आणलं, तर त्याचा अर्ज तपासावा आणि गरज वाटल्यास प्रसिद्धी रोखावी. आज चिपळुणात किंवा कुडाळात कुठल्याही सोलरवाल्याच्या दुकानात जा, वीस टक्क्यांच्या वरचं पॅनेल तो तुम्हाला हप्त्यांवर देतो.

त्या देशात १९५१ साली खास कायदा झाला आणि आजही तिथे असे पाच हजारांहून अधिक आदेश लागू आहेत. शोध लावणाऱ्याला पत्र येतं: तुमचा शोध कुणाला सांगू नका. एवढंच. ही अमेरिकेची भानगड म्हणून सोडून देता आली असती, पण आपला १९७०चा पेटंट कायदा उघडला की कलम ३५ समोर येतं. शोध संरक्षणाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे असं पेटंट नियंत्रकाला वाटलं, तर तो त्याची प्रसिद्धी रोखू शकतो. कलम ३९ म्हणतं की भारतात राहणाऱ्यानं परवानगीशिवाय परदेशात पेटंटचा अर्ज करायचा नाही. करायचाच तर आधी इथे अर्ज टाकून सहा आठवडे थांबायचं, आणि तेवढ्यात गुप्ततेचा आदेश आला नाही तरच पुढे जायचं. मोडलं तर कलम ११८ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद. अणुऊर्जेशी संबंधित शोध तर कलम ४ नुसार पेटंटच्या दारातूनच परत फिरवायचे, अशी मूळची रचना.

यातलं मला सगळ्यात खटकतं ते कलम ४१. गुप्ततेचे आदेश अंतिम आहेत आणि कोणत्याही कारणानं, कोणत्याही न्यायालयात त्यांना आव्हान देता येणार नाही, असं ते सरळ म्हणतं. घटनेनं दिलेला रिटचा मार्ग उरतो म्हणा. पण देवगडच्या एखाद्या वर्कशॉपवाल्यानं मुंबईत वकील लावून तो चालावा, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. नुकसान झालं तर? केंद्र सरकार त्याला वाजवी वाटेल ती सानुग्रह रक्कम ‘देऊ शकतं’. द्यावी लागेल असं नाही.

पेटंट म्हणजे मुळात देवघेव आहे. तू तुझी युक्ती जगापुढे उघडी कर, आम्ही तुला वीस वर्षं मक्तेदारी देतो. आपल्याकडे अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो तो याचसाठी; मक्तेदारी संपली की ती युक्ती सगळ्यांची. गुप्ततेच्या आदेशानं या व्यवहाराच्या दोन्ही बाजू गोठतात. शोधकाच्या हाती हक्क पडत नाही आणि समाजाच्या पदरी ज्ञान पडत नाही. हे एखाद्या वेळी अपरिहार्य असेल. पण तसं आहे हे ठरवणारा आणि त्यावर शेवटचा शब्द सांगणारा एकच असेल, तर ‘एखाद्या वेळी’ची व्याप्ती वाढत जाते. आपण कोकणातले लोक हे फार जवळून पाहिलेले आहोत.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे ते मोठे, उंचीच्या तपकिरी रेषांचे नकाशे आठवा. किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातले असे तपशीलवार नकाशे कित्येक वर्षं प्रतिबंधित होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्रापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचं अंतर कुठे पंचेचाळीस, कुठे साठ किलोमीटर. म्हणजे कोकणचा थोडाथोडका भाग नाही, खारेपाटणापासून आंबोलीपर्यंत सगळं कोकणच त्या पट्ट्यात बुडालं. आपल्या गावचा पऱ्ह्या कुठून उगम पावतो, धरणाची भिंत नेमकी कोणत्या समोच्च रेषेवर येणार, पाणी कुणाच्या वाडीत शिरणार, हे ज्याला तपासायचं त्यानं अर्ज करायचा, शिफारशी जोडायच्या, वाट बघायची. याच काळात, २००५ पासून, परदेशी कंपनीनं उपग्रहाची छायाचित्रं संगणकावर फुकट आणून ठेवली होती. त्यांत आपल्या परसातले माड मोजता येत. कुणालाही, कराचीत बसूनसुद्धा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशांबाबतचे निर्बंध एका फटक्यात सैल केले आणि आकाश कोसळलं नाही. शत्रूकडून ते नकाशे कधीच लपलेले नव्हते. लपलेले होते ते ग्रामपंचायतीपासून.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारी गुपित ज्याच्यापासून ठेवायचं असतं त्याच्यापासून ते फार काळ टिकत नाही; ज्यांच्या नावानं ठेवलं जातं त्यांच्यापासून मात्र उत्तम टिकतं. म्हणून गुप्तता असावी, पण तिला मुदत, कारण आणि किंमत चिकटलेली असावी.

आपल्या किनाऱ्यानं याचा सगळ्यात मोठा दाखला चारशे वर्षांपूर्वीच दिलाय. पोर्तुगिजांनी पूर्वेकडच्या सागरी वाटा, वारे, खडक, बंदरांच्या खोल्या हे सगळं राज्याचं गुपित म्हणून जपलं होतं. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी यान ह्युगेन फान लिन्सोटेन नावाचा एक डच कारकून होता. कारकुनाला कागद दिसतात. यानं ते उतरवून घेतले, मायदेशी जाऊन १५९५-९६ मध्ये छापून टाकले आणि पोर्तुगिजांचा शंभर वर्षांचा मक्ता सैल झाला. पुढे १६३७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही बघायला मिळतात. आणि गंमत अशी की, चोरलेल्या गुपितावर उभ्या राहिलेल्या त्याच डच कंपनीनं पुढे स्वतःचे नकाशे तितक्याच कडेकोट बंदोबस्तात ठेवले. या सगळ्या लपाछपीत वेंगुर्ल्याच्या खलाशाला ना पोर्तुगिजांचा कागद दिसला, ना डचांचा.

आता उलट बाजू. ती हलकी नाही, आणि ज्यांच्या किनाऱ्यावर १९९३ साली दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली त्यांना तर ती कुणी शिकवायला नकोच. काही माहिती उघडी पडू नये, यात वाद कसला? इतिहासही सांगतो. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डनं १९३४ मध्ये अणूच्या साखळी प्रक्रियेचं पेटंट ब्रिटनमध्ये मागितलं आणि नंतर तोच धडपडत होता की हे गुप्त ठेवा. ब्रिटिश युद्धखात्याला गरज वाटली नाही. शेवटी १९३६ मध्ये आरमारानं ते ताब्यात घेऊन झाकलं. झिलार्डचं बरोबर होतं. दुसरीकडे ब्रिटिश वैमानिक फ्रँक व्हिटलचं जेट इंजिनाचं १९३०चं पेटंट. हवाई खात्यानं त्यात रस घेतला नाही, गुप्तही ठेवलं नाही. ते छापलं गेलं, कुणालाही वाचता येऊ लागलं आणि १९३५ मध्ये पाच पौंडांची फी भरायला पैसे नव्हते म्हणून व्हिटलच्या हातून निसटलं. खात्यांना काय झाकायचं ते कळतंच असं नाही, हे दोन्हीकडून दिसतं. ज्याला कळत होतं तो शोधकच होता.

पण झिलार्डची गोष्ट तिथे संपत नाही. युद्ध पेटल्यावर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अणुविखंडनावरचे लेख छापणं थांबवलं. १९४२ मध्ये गिओर्गी फ्लेरोव या तरुण रशियन शास्त्रज्ञानं नियतकालिकं चाळली आणि त्याच्या लक्षात आलं की काल-परवापर्यंत या विषयावर भरभरून लिहिणारी मोठी नावं एकदम गप्प झाली आहेत. त्यानं स्टालिनला पत्र लिहिलं: ते बॉम्ब करताहेत. लेखांतून जे कळलं नसतं ते लेख नसण्यातून कळलं.

आणि काही वेळा झाकून ठेवलेली गोष्ट दुसऱ्याच कुणाला तरी सापडते. ब्रिटनच्या गुप्तलेखन संस्थेत क्लिफर्ड कॉक्स या गणितीनं १९७३ मध्ये एक पद्धत शोधली: कुलूप सगळ्यांना वाटून टाकायचं, किल्ली मात्र आपल्याकडे. संस्थेनं ती फायलीत ठेवली. १९७७ मध्ये अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तीच पद्धत स्वतंत्रपणे शोधली आणि उघडपणे मांडली. जगानं ती वापरली, तपासली, तिच्यातल्या भेगा शोधून बुजवल्या. कॉक्सचं नाव १९९७ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. आज हर्णैच्या वाळूवर संध्याकाळी लिलाव उरकला की घेणारी कोळीण फोन काढून पैसे पाठवते, तेव्हा ते पैसे सुखरूप जाण्यामागे याच घराण्यातलं गणित असतं. ब्रिटिशांच्या फायलीवर भरवसा ठेवून आपण बसलो असतो, तर हे कधी झालं असतं कोण जाणे. अमेरिकेतही १९७८ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका प्राध्यापकाच्या सांकेतिक यंत्रावर गुप्ततेचा आदेश बजावला गेला होता. विद्यापीठानं आवाज उठवला आणि तो मागे घ्यावा लागला. आवाज उठवायला तिथे विद्यापीठ होतं, हा भाग महत्त्वाचा.

जाता जाता आपल्या तळपद्यांच्या विमानाबद्दल. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं आणि इंग्रजांनी ते दडपलं, ही गोष्ट मराठी घरांत अजून सांगितली जाते. ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ज्या संस्कृत ग्रंथाशी ती जोडतात, त्यातली यंत्रं उडणं शक्य नाही, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलंय. तरी गोष्ट मरत नाही. ‘दडपलं’ हा शब्द आला की पुरावा मागायची सोयच राहत नाही. जे सरकार सवयीनं झाकत जातं, ते अशा गोष्टींना खतपाणी घालतं.

गुपितं सामान्य माणूसही ठेवतो, असं कुणी म्हणेल. ठेवतोच. मिरकरवाड्याच्या एखाद्या जुन्या तांडेलाला विचारून बघा, समुद्रातलं त्याचं खडप, म्हणजे मासे मिळायची खडकाळ जागा, नेमकं कुठे आहे. तो गोड हसेल आणि विषय डिझेलच्या भावावर नेईल. दीपगृह अमक्या डोंगराच्या नाकाला लागलं आणि त्याच वेळी दुसरी खूण उघडी झाली की जाळं सोडायचं, हे त्याला बापानं दाखवलं. तो पोराला दाखवेल. हे त्याचं स्वतःचं कमावलेलं आहे आणि त्यामुळं दुसऱ्याला समुद्रात जायची बंदी होत नाही. सरकारी आदेश दुसऱ्यानं कमावलेलं झाकतो, फरक तिथे आहे.

त्या तांडेलाच्या केबिनमध्ये आता जीपीएसचा डबा असतो. तो डबाही लष्करी गुपिताच्या पोटातून आलाय. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरिकांनाही देऊ असं जाहीर केलं. दिली, पण मुद्दाम बिघडवून. नागरी संकेतात शंभर मीटरपर्यंतची चूक घातलेली असे. शंभर मीटर म्हणजे खडपावर टाकलेलं जाळं रेतीत पडलं, किंवा उलट, रेतीत टाकायचं ते खडकात अडकून फाटलं. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली गेली. त्यामुळं अमेरिकेचं सैन्य दुबळं झालं का? त्याआधीच तिथल्या अभियंत्यांनी किनाऱ्यावर सुधारणा-केंद्रं उभारून ती चूक भरून काढायला सुरुवात केली होती. एक सरकारी खातं चूक घालत होतं आणि दुसरं सरकारी खातं ती निस्तरत होतं. फाटकी जाळी तेवढी इतरांची.

उघडं ठेवल्यानं काय होतं याचं उत्तर मात्र परदेशातून आणायला नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला घ्या. जुन्या झेल्यात आंबा ओढून काढला जाई. देठ तुटला की चीक फळावर ओघळायचा, डाग पडायचा, देठाकडून कूज लागायची. विद्यापीठानं काठीच्या टोकाला पातं अशा बेतानं बसवलं की फळ थोड्या देठासकट कापलं जाऊन जाळीत पडतं. डोक्यानं साधी, हिशेबानं मोठी गोष्ट, कारण देठाचा आंबा आणि बिनदेठाचा आंबा यांचा भाव एक नसतो. ही युक्ती बागायतदारांना दाखवून दिली गेली आणि आता झेला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. कोय कलमाचं तेच, काजूच्या मृदुकाष्ठ कलमाचं तेच, वेंगुर्ल्याच्या केंद्रातून निघालेल्या काजूच्या जातींचं तेच. सार्वजनिक पैशानं झालेलं संशोधन, आणि चाकू हातात धरता येणाऱ्या कुणालाही शिकता आलेलं. कोकणातल्या कलमांच्या रोपवाटिका यावर उभ्या आहेत. हे ज्ञान कुलपात राहिलं असतं तर विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात एक ओळ वाढली असती.

उघडेपणाचा एक धोका खरा आहे आणि तो हळदीनं दाखवला. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे. हळद लावायला शिकवणारी आजी त्यांच्याही घरात असणारच. पण तिथे आजीची साक्ष चालली नाही. चालले ते छापील पुरावे: जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेख. ज्ञान उघडं असून भागत नाही, ते लिहिलेलं आणि सापडण्यासारखं असावं लागतं.

यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. चार लाखांहून अधिक योग, म्हणजे औषधांच्या कृती, जगाच्या पेटंट कचेऱ्यांना वाचता येतील अशा भाषांत उतरवले. काम फार मोलाचं. पण ते वाचायची मुभा वर्षानुवर्षं फक्त पेटंट कचेऱ्यांना, तीही गुप्ततेच्या करारावर. २०२२ मध्ये इतरांसाठी दार उघडायचं ठरलं, ते वर्गणी भरणाऱ्यांसाठी. युक्तिवाद असा की सगळं मोकळं केलं तर औषध कंपन्या येऊन लुटतील. मला तो अर्धाच पटतो. जे सर्वांपुढे छापलेलं आहे त्याच्यावर कुणी नवं म्हणून दावा सांगू शकत नाही, हेच तर हळदीनं शिकवलं. भेगाळलेल्या टाचांना कोकमाचं मुठेल लावणाऱ्या म्हातारीचं ज्ञान वाचवायला निघालेल्या सरकारनं तिच्या नातीला ते वर्गणी भरून वाचायला लावावं, हे काही बरोबर दिसत नाही.

आणि मग जैतापूर. १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. प्रकल्प हवा की नको यावर इथे बोलत नाही. पण त्याच आराखड्याची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलला २००७ पासून बांधली जात होती. ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात काय काय बिघडलं ते जगाला कसं कळलं? तिथल्या अणुसुरक्षा नियामकानं सांगितलं म्हणून. भट्टीच्या पात्राच्या पोलादात कार्बनचं प्रमाण जागोजागी जास्त आहे, हे एप्रिल २०१५ मध्ये त्यानं स्वतः जाहीर केलं. पुढे जोडकामातल्या चुकाही मांडल्या. यानं फ्रान्सची सुरक्षा धोक्यात आली नाही. कंत्राटदारांची झोप उडाली, ते योग्यच झालं. आपल्याकडे १९६२च्या अणुऊर्जा कायद्यानं माहिती रोखायचे जे विस्तृत अधिकार सरकारला दिले, त्यात बॉम्बचा तपशील आणि पोलादाचा दर्जा यांच्यात भिंत घालायची कुणाला गरज वाटली नाही. प्रकल्पाच्या गावच्या, माडबनच्या माणसाला पहिला नको आहे. दुसरा हवा आहे, आणि त्याच्या भाषेत.

म्हणून मागायचं ते नेमकं मागावं. गुप्ततेच्या आदेशांचा सहामाही फेरविचार कायद्यात आहेच. तो ज्यानं आदेश काढला त्याच्याच मेजावर न होता बाहेरच्या कुणापुढे व्हावा, बंद दारामागे चालेल, पण निवृत्त न्यायाधीश आणि त्या विषयातला स्वतंत्र जाणकार समोर असावा. कलम ४१ जावं. किती आदेश निघाले, किती उठले, कोणत्या विषयांत, हा आकडा संसदेपुढे दरवर्षी यावा. आकड्यानं कुठलं क्षेपणास्त्र उघडं पडत नाही. सानुग्रह रकमेऐवजी भरपाईचा हक्क असावा, म्हणजे झाकायची किंमत झाकणाऱ्याच्या अंदाजपत्रकात दिसेल आणि हात जरा आखडता घेतला जाईल. माहिती अधिकार कायद्यात वीस वर्षांनंतर बरंच काही खुलं होतं, पण सुरक्षेच्या कारणानं रोखलेलं त्यातून वगळलंय. त्यालाही बाहेरची मुदत घालावी, तीस वर्षं म्हणा, आणि वाढवायची तर प्रत्येक वेळी लेखी कारण देऊन.

यातल्या भरपाईच्या मागणीला सगळ्यात जास्त विरोध होईल, तोही संरक्षण खात्याकडून नाही, वित्त खात्याकडून. होऊ दे. तिथून सुरुवात करावी.